मनगट पिरगाळणं म्हणजे लॉक नव्हे

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की इतर शहरांसारखीच जबलपुरातही स्वसंरक्षणाची शिबिरं सुरू होतात. आपल्या मराठी घरांतूनही मुलींची नावं हौसेनं घातली जातात. समारोपाच्या दिवशी सर्वांत जास्त टाळ्या एका प्रात्यक्षिकाला पडतात: एक सडपातळ मुलगी धिप्पाड मुलाचं मनगट धरते, किंचित वळवते आणि तो हवेत गिरकी घेऊन मॅटवर पडतो. त्या टाळ्यांबरोबर काही चुकीच्या कल्पनाही पालक घरी घेऊन जातात. हापकिडोसारख्या कोरियन कलेत सांध्यांचे लॉक, म्हणजे सांधा वळवून समोरच्याला काबूत आणणारे डाव, हा गाभ्याचा भाग आहे. नवशिक्यांना तो कसा शिकवतात हे कळलं, तर यातले बरेचसे गैरसमज आपोआप गळून पडतील.

गैरसमज: ही हजारो वर्षांची कोरियन विद्या आहे, आणि तायक्वांदो नि हापकिडो एकच.

हापकिडो विसाव्या शतकातला आहे. चोई योंग-सूल हा कोरियन माणूस दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून मायदेशी परतला आणि देगू शहरात शिकवू लागला. त्याचा पहिला शिष्य सो बोक-सोब स्वतः जुडोतला ब्लॅक बेल्ट होता आणि त्याच्या घरचा दारू गाळण्याचा कारखाना होता. त्या कारखान्याच्या आवारात चोईनं भांडायला आलेल्यांना सहज लोळवलेलं त्यानं पाहिलं आणि 1948च्या सुमारास शिकवणी सुरू झाली, असं सांगतात. चोईच्या लॉकचं मूळ जपानच्या दाइतो-र्यू परंपरेत आहे. त्याच परंपरेतल्या ताकेदा सोकाकूकडे आयकिडो या जपानी कलेचे प्रवर्तक उएशिबा मोरिहेई शिकले. पुढे चोईच्या जी हान-जे वगैरे शिष्यांनी हापकिडोत लाथा आणि ठोसे मिसळले. तायक्वांदोचा भर मुळात लाथांवर असतो. त्यातही स्वसंरक्षणाचा भाग म्हणून काही लॉक शिकवतात, पण ते हापकिडोइतके खोल जात नाहीत. परंपरा नवी आहे म्हणून ती कमअस्सल ठरत नाही. मात्र ‘प्राचीन गुप्तविद्या’ असं लिहिलेल्या फलकावर भाळून पैसे भरू नयेत.

गैरसमज: लॉक म्हणजे जोरानं पिरगाळणं.

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळी गोम इथेच आहे. मनगट बाहेरच्या दिशेला वळवण्याचा डाव बहुतेक वर्गांत पहिल्या काही डावांत शिकवतात. समोरच्याच्या हाताच्या मागच्या बाजूवर, बोटांच्या मुळांखाली, तुमचा अंगठा टेकतो. तुमची बोटं त्याच्या अंगठ्याच्या मांसल भागाला वेढतात. आधी त्याचा पंजा त्याच्याच कोपराकडे दुमडायचा आणि मग बाहेर वळवायचा. नवशिका नेमकं उलटं करतो: न दुमडता नुसतं पिळतो, आणि स्वतःची कोपरं अंगापासून लांब नेतो. आपल्या हातात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात आणि ती एकमेकांभोवती बरीच फिरतात. त्यामुळे नुसत्या पिळण्यानं समोरच्याचा हात फिरत राहतो आणि माणूस जागचा हलत नाही. हात दुमडून अंगाजवळ आणला की ही ढील संपते. मग वळण मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात शिरतं आणि त्याचं वजन एका पायावर जातं. त्या क्षणी तुम्ही पाय मागे घेऊन कंबर वळवली, की तो खाली बसतो. काम कंबर आणि पाय करतात, हातांनी फक्त धरून ठेवायचं असतं.

म्हणूनच चांगला शिक्षक पहिल्या दिवशी लॉक शिकवतच नाही. आधी पडायचं कसं ते शिकवतो: हनुवटी छातीशी, तळहातानं मॅटवर थाप, डोकं जमिनीपासून वर. मग पकडलेलं मनगट सोडवणं, म्हणजे पकडीतली जी फट अंगठा आणि बोटांच्या टोकांमध्ये असते तिच्यातून हात काढणं. नंतर एकच लॉक, अगदी संथ. दहा लॉक अर्धवट येण्यापेक्षा एक नीट येणं बरं, हे शिक्षकाला कळतं. शिबिराच्या पत्रकाला मात्र आकडे हवे असतात.

गैरसमज: दुखलं की लॉक लागला.

हा गैरसमज सर्वांत घातक आहे. मनगटात आठ छोटी हाडं आहेत आणि त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आहेत. अस्थिबंधांना रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ते दुखावले की भरून यायला आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. काहींचे सांधे मुळातच सैल असतात. त्यांना इजा होईपर्यंत दुखतच नाही. ‘हिला काही होत नाहीये’ म्हणून जोडीदार जोर वाढवतो आणि तिथेच घात होतो. त्यामुळे वेदना ही खूण धरायची नाही. जोडीदाराचा तोल गेला की लॉक लागला, आणि तिथेच थांबायचं. टॅपची, म्हणजे ‘सोड’ असं सांगणाऱ्या खुणेची, सवयही पहिल्या तासापासून लावायला हवी: जोडीदाराच्या अंगावर, स्वतःच्या अंगावर किंवा मॅटवर दोन थापा, हात अडकले असतील तर तोंडानं आवाज. टॅप ऐकताच त्याच क्षणी सोडायचं, ‘अजून थोडं’ चालणार नाही.

आपल्याकडच्या जुन्या उस्तादांनाही सांध्याची ही जाण होती. बडोद्याचे प्रो. माणिकराव जुम्मादादा व्यायाम मंदिरात शिकवत आणि निखळलेले सांधे बसवण्यासाठीही त्यांची ख्याती होती. सांधा कुठे सुटतो हे ज्याला कळतं, त्याच्याच हाती तो वळवायला द्यावा.

लहान मुलांबाबत तर मी ठाम आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ वाढीचा कूर्चाभाग असतो आणि तो कित्येकदा अस्थिबंधांपेक्षा नाजूक असतो. दहा वर्षांच्या मुलाला पडणं, सुटणं, तोल शिकवा. जोर लावलेले लॉक नकोतच.

गैरसमज: लॉक येत असेल तर कितीही मोठा माणूस लोळवता येतो.

प्रात्यक्षिकात हवेत उडणारा मुलगा बहुतेक वेळा स्वतःच उडी घेत असतो. त्यात लबाडी नाही. मनगट वाचवण्यासाठी शरीर वळणाच्या दिशेनं नेणं हे जोडीदाराचं शिकलेलं कौशल्य आहे. पण रस्त्यावरचा माणूस असं करणार नाही. तो मूठ आवळेल, हात मागे खेचेल, दुसऱ्या हातानं मारेल. वजन आणि ताकदीचा फरक खरा असतो. म्हणून जाणते शिक्षक लॉकआधी फटका किंवा धक्का देऊन लक्ष विचलित करायला शिकवतात, आणि सरावात विरोध हळूहळू वाढवत नेतात. सुटका झाली की पळायचं, हेही त्यातच येतं.

कायदाही माहीत हवा. 1 जुलै 2024पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 116नुसार हाड मोडणं किंवा सांधा निखळणं ही गंभीर दुखापत ठरते. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावाला आवश्यक असेल त्याहून जास्त इजा करण्याची मुभा कलम 37 देत नाही. शाळेतल्या भांडणात दुसऱ्याचं मनगट मोडून आलेल्या मुलाचं कौतुक करण्याआधी पालकांनी हे लक्षात घ्यावं.

गैरसमज: हे धडधाकट, चपळ मुलांचं काम.

याचं उत्तर जबलपूर जिल्ह्यानंच दिलं आहे. इथल्या खेड्यातल्या जानकी गौडची दृष्टी लहानपणीच गेली. अंध मुलींना दिल्या जाणाऱ्या स्वसंरक्षणाच्या प्रशिक्षणातून ती जुडोत आली आणि 2017मध्ये ताश्कंदच्या आशियाई-ओशनिया स्पर्धेत तिनं कांस्यपदक मिळवलं. अंधांच्या जुडोत दोघांनी एकमेकांची पकड घेतल्यावरच लढत सुरू होते. समोरच्याचा तोल कुठे चाललाय हे हातांतूनच कळावं लागतं. जुडो जपानी आहे आणि त्यात फक्त कोपराला लॉक लावायची परवानगी असते, पण सांध्यांच्या कामात स्पर्शाची जाण डोळ्यांइतकीच, किंबहुना जास्त, मोलाची असते हे तिच्या खेळातून दिसतं. हापकिडोचे काही शिक्षक जोडीदाराला डोळे मिटून सराव करायला लावतात, तेही याचसाठी.

तेव्हा यंदा मुलीचं नाव घालणार असाल, तर समारोपाची वाट न पाहता पहिल्या आठवड्यातला एक तास बसून पाहा. मॅट नीट अंथरली आहे का, टॅप ऐकताच सोडतात का, आधी पडणं शिकवतात का, एवढंच पाहा. यातलं एक जरी दिसलं नाही, तर फी बुडाली तरी चालेल, नाव काढून घ्या.