मल्टिमीटरने व्होल्टेज मोजताना

भारतातील घरगुती वीजपुरवठा 230 व्होल्टचा असतो. तो मोजताना सर्वांत घातक चूक होते ती लाल वायर अँपिअरच्या खाचेत राहून गेल्याने. प्रवाह मोजण्याच्या त्या मार्गाचा रोध जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे टोके सॉकेटला लागताच शॉर्टसर्किट होते आणि योग्य फ्यूज नसलेला स्वस्त मीटर हातातच फुटू शकतो. म्हणून आधी खाच पाहावी, मग एसी व्होल्टेज निवडावे. सॉकेटसाठी किमान कॅट-2, वितरण पेटीसाठी कॅट-3 या सुरक्षा दर्जाचा मीटर लागतो. बोटे प्रोबच्या संरक्षक कडेमागेच ठेवावीत. मीटरने शून्य दाखवले, एवढ्यावरून तार मृत समजू नये. वीज नक्की असलेल्या सॉकेटवर मीटर आधी आणि नंतरही तपासून घ्यावा.