मोटारीचें इंजिन आणि पेट्रोलाचा सोशिकपणा

पेट्रोलाच्या पंपावर गाडी उभी राहिली म्हणजे निरनिराळ्या अंकांचें पेट्रोल विक्रीला असलेलें दिसतें, आणि अंक चढत जातो तसा भावही चढत जातो. जिन्नस जितका महाग तितका तो सकस, असा आपला बाजारांतला अनुभव. तेव्हां शंभर अंकाच्या पेट्रोलांत जोर अधिक असला पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत होते. ही समजूत बरोबर नाहीं. दोन्ही पेट्रोलांच्या एका लिटरांतून मिळणाऱ्या उष्णतेंत फारसा फरक नसतो. ऑक्टेन-अंक हा पेट्रोलाच्या जोराचा अंक नव्हे. तो त्याच्या सोशिकपणाचा अंक आहे. हा सोशिकपणा कोणत्या इंजिनाला किती हवा, आणि ज्यांनीं आपलें इंजिन अधिक शक्तीसाठीं मुद्दाम जुळवून घेतलें आहे त्यांनीं तो कसा ठरवावा, हें आज आपण पाहूं.

इंजिनाच्या नळकांड्यांत दट्ट्या खालीं जातो तेव्हां हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत येतें. दट्ट्या वर येतो तेव्हां तें दाबलें जातें, आणि मग ठिणगी पडते. समजा, दट्ट्या तळाशीं असतां आंतील जागा ४०० घनसेंटिमीटर आहे व माथ्याशीं असतां ४०. म्हणजे मिश्रण दहापट दाबलें गेलें. आतां मेस्त्रीनें इंजिनाचें हेड घासून वरची जागा ३६ केली, तर तळाची ३९६ होते, आणि तेंच प्रमाण अकरापट होतें. अवघ्या चार घनसेंटिमीटरांचा हा फरक! परंतु त्यांत लाभ आहे. आदर्श इंजिनाच्या गणितानें आठपट दाबांत शेंकडा सुमारें ५६, तर अकरापट दाबांत सुमारें ६२ भाग उष्णता कामीं लागते. प्रत्यक्षांत हे आंकडे बरेच खालीं येतात, पण वाढीची दिशा तीच राहते.

मग दाब वाटेल तितका कां वाढवूं नये? येथें पेट्रोलाचा स्वभाव आड येतो. ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूनें पसरत जाते. तिच्यापुढें जें मिश्रण अजून पेटावयाचें असतें, तें मागच्या ज्वलनानें अधिकच दाबलें जातें व तापतें. सोशिक पेट्रोल आपली पाळी येईपर्यंत थांबतें. हलकें पेट्रोल मात्र उतावळ्या नवऱ्यासारखें गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेलें असतें. ज्योत पोंचण्यापूर्वींच तें आपोआप एकदम भडकतें. त्या धक्क्यानें इंजिनांतून टकटक असा धातूचा आवाज येतो. हेंच नॉकिंग. दट्ट्याच्या पृष्ठाशीं असलेला वायूचा पातळ, संरक्षक थर या धक्क्यांनीं विसकटतो, उष्णता धातूंत शिरते, आणि पुष्कळ काळ दुर्लक्ष झालें तर दट्ट्याच्या कडा झिजतात, कड्या तुटतात, प्रसंगीं दट्ट्याला भोंकही पडतें.

इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यांनीं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या व्याधीचा बारकाईनें अभ्यास केला. अमेरिकेंत टॉमस मिज्ली यांना १९२१ सालीं शिशाचें एक संयुग सांपडलें. तें किंचित् मिसळलें कीं टकटक थांबे. पण शिसें विषारी. भारतांत २००० सालीं शिसेंयुक्त पेट्रोल बंद झालें, आणि २०२१ मध्यें अल्जीरियानें तें थांबविल्यावर जगांतील मोटारींसाठीं त्याची विक्री संपली. अंकाची मोजपट्टी ग्रॅहॅम एडगर यांनीं १९२६ सालीं सुचविली. हेप्टेन हें अत्यंत उतावळें द्रव्य, त्याला शून्य. आयसो-ऑक्टेन हें सोशिक, त्याला शंभर. एखादें पेट्रोल ९५ भाग आयसो-ऑक्टेन व ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकें टिकलें, तर त्याचा अंक ९५.

ही परीक्षा दोन प्रकारें घेतात. सौम्य परीक्षेला रिसर्च-अंक म्हणतात, कडक परीक्षेला मोटर-अंक. भारतांत व युरोपांत पंपावर रिसर्च-अंक सांगतात. अमेरिकेंत दोहोंची सरासरी लिहितात, आणि ती कमी भरते. म्हणून अमेरिकेंतील ९१ म्हणजे आपल्याकडील सुमारें ९५ किंवा ९६, आणि तेथील ९३ म्हणजे आपले सुमारें ९८. अमेरिकन कारागिराची “९३ साठीं” केलेली जुळणी गाडीवर चढवावी आणि “आपल्याकडे तर ९५ मिळतें” म्हणून निश्चिंत राहावें, यांत इंजिनाचा घात आहे.

नुसत्या दाबाच्या प्रमाणावरूनही निर्णय होत नाहीं. माझ्दा कंपनीनें २०१२ च्या आपल्या सीएक्स-५ गाडींत युरोपांत ९५ अंकाच्या पेट्रोलावर चौदापट दाब ठेवला, आणि अमेरिकेंत तेथील साध्या ८७ अंकाच्या पेट्रोलासाठीं तो तेरापटीवर आणला. जुन्या घडणीच्या इंजिनाला एवढा दाब सोसला नसता. ज्वलनकक्षाचा आकार, ठिणगीची वेळ, थंड ठेवण्याची व्यवस्था, टर्बोनें कोंबलेली हवा, आंत सांचलेली काजळी, या सर्वांचा हिशेब लागतो. वैशाखांत भरलेली गाडी वरच्या गिअरमध्यें घाट चढूं लागली म्हणजे गरज वाढते. उंचावरील विरळ हवेंत ती घटते.

आजच्या गाड्यांत टकटक ओळखणारा विद्युत्-कान असतो. तो ठिणगी मागें सारतो आणि इंजिन वांचवितो, पण शक्ति कमी होते. उलट, ९१ वर समाधानानें चालणाऱ्या साध्या इंजिनाला १०० अंकाचें पेट्रोल पाजणें म्हणजे बहुधा पैशाचा अपव्यय होय.

आपल्या देशांतील परिस्थिति अशी. २०२० सालीं देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांत साध्या पेट्रोलाचा किमान अंक ९१ व उंची पेट्रोलाचा ९५ होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत इंडियन ऑइलनें शंभर अंकाचें पेट्रोल निवडक शहरांत आणलें. इथेनॉल मिसळल्यानें अंक वाढतो; परंतु इथेनॉलच्या लिटरांत पेट्रोलाच्या सुमारें दोनतृतीयांशच उष्णता असते, आणि त्याला हवाही कमी लागते. म्हणून शुद्ध पेट्रोलासाठीं बसविलेल्या जुन्या कार्ब्युरेटरांतून मिश्रण पातळ पडतें व इंजिन तापूं शकतें. अंक चांगला, म्हणून जुळणी तपासावयास नको, असें नाहीं.

तेव्हां नियम सोपा आहे. इंजिन मूळचें असेल तर निर्मात्याच्या पुस्तिकेंत लिहिलेला अंक पाळावा. बदललें असेल तर पुस्तिका जुनी झाली. मेस्त्रीकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्या: नवें दाबाचें प्रमाण किती, जुळणी कोणत्या पेट्रोलावर केली, आणि तो अंक कोणत्या पद्धतीचा. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, घराजवळच्या पंपावर मिळणाऱ्या उत्तम पेट्रोलावर नव्हे, तर प्रवासांत नाइलाजानें भरावें लागेल अशा हलक्यांत हलक्या पेट्रोलावर जुळणी करवून घ्यावी. चार अश्वशक्ति कमी मिळतील, पण आडगांवीं इंजिन दगा देणार नाहीं. शंभर अंकाचीच जुळणी हवी असेल, तर साध्या पेट्रोलासाठीं दुसरी सौम्य जुळणी करून ठेवावी. आणि एवढें करूनही हलकें पेट्रोल भरण्याची वेळ आलीच, तर खालचा गिअर ठेवावा, पेडल जोरानें दाबूं नये, आणि टकटक ऐकूं येतांच पाय हलका करावा.