पोराला तालमीत घालण्यापूर्वी

गळीत हंगाम उरकला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की आपल्या भागात जत्रा आणि कुस्तीची मैदानं सुरू होतात. हलगी-घुमकं वाजू लागलं की कुणाला घरी बसवत नाही. सुरुवातीला लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात. एखादं पोरगं त्यात दोन कुस्त्या मारतं, फेटेवाल्या मंडळींच्या हातून शंभराची नोट घेऊन घरी येतं, आणि त्याच रात्री जेवताना विषय निघतो, "ह्याला तालमीत घालायचं का?" जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ज्या सभासद बंधूंना आणि भगिनींना हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

आपल्याकडे या बाबतीत पहिली चौकशी होते ती खुराकाची. दूध किती लागेल, तूप किती, बदाम किती, म्हैस विकत घ्यावी की रतीब लावावा. ही चौकशी चुकीची नाही. पण ती दुसरी चौकशी आहे. पहिली करायची ती वस्तादाची, कारण खुराकाने अंग भरतं, कुस्ती येत नाही.

नवीन पोरगं तालमीत गेलं म्हणजे पहिल्या दिवशी त्याला कुणी डाव शिकवत नाही. पहाटे चारला उठायचं, हौद्यातली तांबडी माती फावड्यानं उकरायची, ढेकळं फोडायची, माती सारखी करायची. या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय घातलेलं असतं, ओल धरून राहावी आणि अंगावरची खरचट चिघळू नये म्हणून. मग जोर, सपाट्या, दोरावर चढणं. थोरल्या पैलवानांचं अंग रगडणं. घरची माणसं पंधरा दिवसांनी भेटायला जातात आणि पोरगं सांगतं, "नुसती माती उकरायला लावतात." बापाला वाटतं, हमाली करायला पाठवलं की काय! पण हौदा उकरताना कंबर, पाठ, खांदे आणि मनगटं सगळीच कामाला लागतात, आणि ज्या मातीत उद्या पडायचं आहे ती मऊ ठेवायची जबाबदारी स्वतःची आहे, हेही त्याला समजतं.

त्यानंतर शिकायचं असतं ते पडणं. लोकांना वाटतं पैलवान पाडायला शिकतो. खरं तर पहिली दोन-तीन वर्षं तो रोज पडतच असतो. आपल्यापेक्षा जड, आपल्यापेक्षा जुना गडी समोर येतो आणि ढाक लावतो, टांग मारतो, नाहीतर पट काढून खाली घेतो. अशा वेळी घाबरलेलं पोरगं जमिनीकडे हात लांब करतं, आणि सगळ्या अंगाचा भार त्या एका हातावर आला की कोपर निखळतं किंवा मनगट मोडतं. म्हणून हात आखडून घ्यायचा, हनुवटी छातीला लावायची, आणि हवेत असतानाच अंग वळवून पोटावर यायचं, म्हणजे पाठ लागत नाही. हे सांगून येत नाही. शेकडो वेळा पडल्यावर अंगालाच कळतं. मान मजबूत करण्याची मेहनत वेगळी करून घेतात ती याचसाठी. मान कच्ची राहिलेल्या गड्याला लढतीला सोडणं हा वस्तादाचा गुन्हा समजावा, असं माझं मत आहे.

पण पडण्याचं शिक्षण नुसतं अंगाचं नसतं. गावातल्या जत्रेत सगळ्यांना चीत करून आलेला पोरगा तालमीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात दहा जणांकडून पाठीवर पडतो. काही पोरं तिथंच मोडतात, रात्रीच्या एस.टी.नं घरी येतात. काहींना राग येतो आणि ती वेडंवाकडं लढायला लागतात. इथं वस्तादाचं खरं काम असतं. हौद्याच्या काठावर बसून तो जोड लावतो, म्हणजे कुणी कुणाशी लढत करायची हे ठरवतो. रोज पडणाऱ्याला आठवड्यातून एकदा तरी त्याच्या ताकदीचा जोडीदार द्यायचा, म्हणजे त्याची उमेद राहते. जिंकून जिंकून माजलेल्याला जुन्या गड्याच्या हाती द्यायचा. आणि जुन्या गड्याला बजावायचं की हा कवळा आहे, ह्याला डाव लावू दे, एखादा बसू दे. कुस्ती एकट्याला शिकता येत नाही. दुसऱ्यानं आपलं अंग तुमच्या स्वाधीन केल्याशिवाय तुम्हाला एक डावही येणार नाही. जो वस्ताद मोठ्या पैलवानांना लहानग्यांवर मोकाट सोडतो, त्याच्या तालमीतून एक-दोन नावाजलेले मल्ल निघतीलही, पण त्यांच्याखाली किती पोरं चेंगरली त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

हरण्यातून शिकण्याचं उदाहरण पाहायला लांब जायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते मातीत वाढलेले मल्ल म्हणून. तिथं लढायचं होतं गादीवर, आणि नियमही निराळे. तरी ते सहावे आले. परत आल्यावर सहावा क्रमांक मिरवत बसले नाहीत, तयारीला लागले. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी चीत केलं. जपानचा इशीई आणि सोव्हिएत रशियाचा मामेदबेयोव या दोघांकडून मात्र हार झाली. त्या दोघांना सुवर्ण आणि रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरं मिळायला 1996 साल उजाडलं, आणि कुस्तीतलं दुसरं तर थेट 2008 साली आलं. यात घर गहाण टाकणारा माणूस वस्ताद नव्हता, कॉलेजचा प्राचार्य होता, हेही ध्यानात घ्यावं. खाशाबा शिकलेले पैलवान होते आणि पुढे पोलीस खात्यात अधिकारी झाले.

दुसरं नाव गणपतराव आंदळकरांचं. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा हा गडी 1960 साली हिंदकेसरी झाला. 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतलं ते ग्रीको-रोमन प्रकारात. या प्रकारात कमरेखाली धरायचंच नाही. पट नाही, टांग नाही. मातीतल्या पैलवानाचे निम्मे डाव तिथं बाद! त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवलं. हिंदकेसरी झालेल्या माणसानं पुन्हा नवशिक्यासारखं नवीन नियमात पडायला तयार व्हावं लागतं, तेव्हा हे जमतं. पुढे आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून बसले आणि 2018 साली निवर्तेपर्यंत कुस्तीतला शब्द म्हणजे आबांचा शब्द असा त्यांचा मान राहिला.

माती की गादी हा वाद आपल्या पारावर रोज चालतो. शाहू महाराजांनी 1912 साली पुरं केलेलं खासबाग मैदान ज्यानं भरलेलं पाहिलं, त्याला माती सोडवत नाही हे खरं. पण आजच्या स्पर्धेत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि हिशेब गुणांचा असतो. मातीत खडाखडी करत अर्धा तास काढलेल्या पोराचा दम वेगळा आणि गादीवर सहा मिनिटांत लागणारा दम वेगळा. मातीत पाय रुततो, गादीवर पाय पळतो. तेव्हा पाया मातीत घाला, पण तालमीत गादी आहे का हेही विचारा.

आता थोडं कडू बोलतो. लवकर अंग भरावं म्हणून ताकदीची इंजेक्शनं टोचून घेण्याचं फॅड तालमीत शिरलं आहे. त्यानं छाती फुगते, आणि लिव्हर, हृदय, मूत्रपिंड यांचं वाटोळं होतं. तपासणीत सापडला तर बंदी येते ती वेगळीच. कुणी "कोर्स करू या" म्हणाला, तर पोराची वळकटी त्याच दिवशी उचलावी.

मुलींबद्दल विचारणारे सभासदही आता भेटतात. मार्च 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती मारली. तेव्हा मुलींनी लंगोट-मातीच्या वाटेला जाऊ नये म्हणणाऱ्यांनी आता गप्प बसावं. फक्त मुलींसाठी राहण्याची सोय वेगळी आणि चोख हवी, सरावाच्या वेळी बाईमाणूस हजर हवं.

शाळेचं म्हणाल तर दहावीच्या आत पुस्तक सुटू देऊ नका. गुडघा एकदा गेला की पैलवानकी संपते, मग पंचवीस वर्षांचा गडी पारावर बसतो. कोल्हापूर भागातल्या काही कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची पद्धत पाडली, ती चांगलीच आहे. पण मानधन लढतोय तोवर असतं.

तेव्हा मे महिन्यात सवड काढून, पोराला न घेता, दोन-तीन तालमींत पहाटे जाऊन बसा. वस्तादांना राम राम घाला, चहा घ्या, खुराकाची गोष्ट काढू नका. नुसती लढत बघा. वस्ताद काठावर जागा आहे की फोनवर बोलत फिरतोय, हे बघा. सगळ्यात बारकं पोरगं कुणाबरोबर लावलंय, ते बघा. आणि तो थोरला गडी त्याला उचलून टाकताना त्याच्या मानेखाली हात घालतो की नाही, ते बघा.