गाडी कोणाची, चालक कोणाचा?

एखादं काम आपण स्वतः न करता दुसऱ्याकडून करवून घेतलं, तर त्या कामाची जबाबदारी कोणाची? आज हा प्रश्न आपण रेल्वेच्या रुळांवर ठेवून पाहू. रेल्वेत तो चटकन दिसतो, आणि तिथे चुकलं तर माणसं दगावतात.

आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करू. पुलगाव-आर्वीची छोटी गाडी जुन्या मंडळींना आठवत असेल. अडीच फुटी रूळ, सुमारे 35 किलोमीटरचा मार्ग, सुरुवात 1917 ची. आर्वीकडचा कापूस पुलगावला मुंबई-नागपूरच्या मोठ्या मार्गाशी जोडायचा, यासाठी तो टाकलेला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला ही तिचीच बहीण. दोघींचे रूळ सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचे, आणि त्या कंपनीचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीकडे. पण गाड्या कंपनी चालवत नव्हती. त्या आधी जी.आय.पी. रेल्वे चालवायची, 1951 नंतर मध्य रेल्वे. कंपनीला उत्पन्नातला वाटा मिळायचा. म्हणजे रेल्वेतला ठेका ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे.

आता सांगा, इंजिनावरचा ड्रायव्हर कोणाचा? गाडी 'इंग्रजांची' म्हणून ओळखली जाई, तेव्हा ड्रायव्हरही कंपनीचा असं कोणालाही वाटेल. पण तसं नव्हतं. तो रेल्वेचा नोकर होता. पगार रेल्वे देई, हुकूम रेल्वेचा, आणि चूक झाली तर जाब विचारणारीही रेल्वेच. हे तिन्ही धागे एका हातात होते, म्हणून माणसांच्या बाबतीत गोंधळ नव्हता. गोंधळ झाला तो रुळांच्या बाबतीत. मालकी एकाची, वापर दुसऱ्याचा, मग त्यांवर नवा पैसा घालायचा कोणी? हा प्रश्न रखडत गेला आणि रूळ झिजत गेले.

पगार, हुकूम आणि जाब, हे तीन धागे लक्षात ठेवू. 'हा माणूस कोणाचा' असं आपण एका दमात विचारतो, पण त्यात हे तीन वेगळे प्रश्न असतात. कोण पैसे देतो? कोण काम सांगतो? आणि बिघडलं तर कोण उत्तर देतो? ठेका आला की हे धागे वेगवेगळ्या हातांत जातात.

दूरचं एक उदाहरण घेऊ. लॉस एंजेलिसजवळ मेट्रोलिंक ही सार्वजनिक संस्था उपनगरी गाड्या चालवते. सुरुवातीला तिच्या गाड्यांवर अ‍ॅमट्रॅकचे कर्मचारी असत. 2005 मध्ये कंत्राट कॉनेक्स या खासगी कंपनीकडे गेलं. 12 सप्टेंबर 2008 रोजी चॅट्सवर्थ इथे मेट्रोलिंकची गाडी मालगाडीवर समोरासमोर आदळली आणि 25 माणसं गेली. चालकाने लाल सिग्नल ओलांडला होता. तो मोबाइलवर संदेश पाठवत होता, असं चौकशीत निघालं. डब्यावर नाव मेट्रोलिंकचं, चालक कॉनेक्सच्या पगारावर. तिकीट काढणाऱ्याने यातलं काय ओळखायचं? त्याने विश्वास टाकला होता तो डब्यावरच्या नावावर.

इथे आपल्याला पाणिनी उपयोगी पडतो. क्रियेत जो स्वतंत्र असतो त्याला तो कर्ता म्हणतो. पण तिथेच थांबत नाही. लगेच पुढच्या सूत्रात, त्या कर्त्याला कामाला लावणाऱ्यालाही कर्ता म्हणतो. आपल्या मराठीत तरी वेगळं काय आहे? गाडी चालते, चालक ती चालवतो, संस्था ती चालवून घेते. चालवून घेणारा वाक्यातून बाहेर पडत नाही. ठेका दिला की कर्तेपणही देऊन टाकलं, हा समज व्याकरणालाही मान्य नाही.

कायद्यानेही हे बऱ्याच अंशी ओळखलं. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने 'मुख्य मालक' ही कल्पना आणली. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची. 2020 च्या संहितेतही ही कल्पना कायम आहे. मात्र 2001 मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मुख्य मालकाच्या नोकरीत येत नाही. कंत्राट निव्वळ दिखाऊ असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे पगाराच्या धाग्याची एक बाजू बांधली गेली, नोकरीची सुटीच राहिली.

आज एकाच गाडीत ही विभागणी दिसते. आयआरसीटीसीच्या मुंबई-अहमदाबाद तेजसमध्ये इंजिन चालवणारा रेल्वेचा, आणि डब्यात खाणं देणारे ठेकेदाराचे. प्रवाशाला दोघेही 'रेल्वेवाले'च. चादर मळकी निघाली तर 'ती माणसं ठेकेदाराची' हे उत्तर आपण ऐकून घेतो. पण सिग्नल चुकला तर असं उत्तर चालेल का? शिवाय ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही की आपण कोणाचे, तो कर्मचारी धोका दिसल्यावर सांगणार कोणाला? ठेकेदाराला सांगावं तर अधिकार नाही, रेल्वेला सांगावं तर नोकरीची भीती.

हा प्रश्न आपल्या दाराशीही येऊ शकतो. नागपूर-वर्धा मार्गावर रेल्वेच्याच रुळांवरून महामेट्रोच्या गाड्या चालवाव्यात, असा सामंजस्य करार 2018 मध्ये झाला. कल्पना चांगली आहे. रोज नागपूरला जाणाऱ्या नोकरदारांची आणि विद्यार्थ्यांची सोय होईल. आपला ठेक्याला सरसकट विरोध नाही. पण अशी गाडी सुरू होईल तेव्हा भाडं किती, एवढंच विचारून थांबू नये. चालकाला पगार कोण देणार, त्याची ड्यूटी आणि विश्रांती कोण ठरवणार, आणि अपघात झाला तर पहिलं उत्तर कोण देणार, हेही विचारावं. तीन प्रश्नांना तीन नावं आली तरी हरकत नाही. ती करारात लिहिलेली असावीत, आणि चालकाला व प्रवाशाला दोघांनाही ठाऊक असावीत.