रोजगार हमी आणि राखीव कराचे तत्त्व

काम मागणाऱ्यास काम देण्याचे बंधन शासनाने स्वीकारले, म्हणजे त्या कामाच्या खर्चाचे बंधनही त्याने स्वीकारले, असे तर्कतः म्हणावे लागते. परंतु किती लोक काम मागतील हे आधी ठरविता येत नाही. अर्थसंकल्पातील तरतूद मात्र आधीच ठरवावी लागते. ह्या दोहोंचा मेळ महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने कसा घातला आणि तो कोठे अपुरा पडला, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ह्या योजनेचा पहिला प्रयोग झाला व १९७२ मध्ये ती राज्यभर स्वीकारली गेली. त्यानंतरच्या भीषण दुष्काळात, मे १९७३ च्या सुमारास, दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळपास पोचली. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते पंधरा दिवसांत द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्याचे स्वरूप होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पैशाची व्यवस्था कायद्याच्या आधी झाली. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. विक्रीकर, मोटारवाहन कर व बागायती जमिनीवरील आकारणी ह्यांतही योजनेसाठी वाढ करण्यात आली. ह्या करांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून रोजगार हमी निधीत घालावी, असे ठरले.

विशिष्ट कामासाठी विशिष्ट कर राखून ठेवणे लोकवित्ताच्या शास्त्रात सामान्यतः इष्ट मानीत नाहीत. त्यामुळे खर्चाचा अग्रक्रम ठरविण्याचे विधिमंडळाचे स्वातंत्र्य आकुंचित होते. प्रस्तुत बाबतीत मात्र त्याला दुहेरी समर्थन आहे. पाऊस न पडलेल्या वर्षी कामाची मागणी वाढते आणि त्याच वर्षी शेतीवर अवलंबून असलेले उत्पन्न घटते. पगारदाराकडून येणारा कर पावसावर तितकासा अवलंबून नसतो. शिवाय ह्या कराचा मोठा भार शहरांवर आणि लाभ कोरडवाहू खेड्यांना, असे प्रादेशिक हस्तांतरण त्यातून साधते.

ह्या व्यवस्थेच्या दोन मर्यादा आहेत. पहिली घटनात्मक आहे. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार व्यवसाय कराची कमाल मर्यादा प्रतिव्यक्ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. त्यानंतर वेतने अनेक पटींनी वाढली, तरी मर्यादा तेथेच राहिली.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. त्याच १९८८ साली योजनेवरील मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर आणण्यात आली व ती जवळजवळ दुप्पट झाली. अशा वेळी कामाची मागणी वाढावी; परंतु प्रत्यक्षात रोजगाराचे प्रमाण घटले. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधुरी ह्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ह्याचा अर्थ असा लावला, की वेतनवाढीनंतर कामाची एक प्रकारे शिधावाटपच सुरू झाली. कायद्याचा एकही शब्द न बदलता हमी आकुंचित करता येते, ती अशी : नवी कामे उघडावयाची नाहीत, किंवा मागणीची नोंद टाळावयाची. बेकारी भत्ता क्वचितच दिला गेल्यामुळे ह्या टाळाटाळीची किंमत शासनाला मोजावी लागली नाही. पुढे तर कराची वसुली वाढत गेली आणि योजनेवरील खर्च त्या मानाने वाढला नाही.

ह्याचा अर्थ राखीव कर निरुपयोगी ठरला असा नव्हे. १९९० च्या सुमारास शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवरील फळबाग लागवड योजनेशी जोडली गेली, ती ह्याच निधीच्या आधारावर. आणि २००५ मध्ये संसदेने देशव्यापी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. परंतु राखीव कर निधी जमण्याची खात्री देतो, तो मागणाऱ्यापर्यंत पोचण्याची नव्हे. ती खात्री भत्त्याच्या तरतुदीत आहे. भत्ता मजुराने झगडून मिळवावयाचा, की सोळाव्या दिवशी आपोआप देय व्हावयाचा, ह्यावरच रोजगाराची हमी हा हक्क आहे की अनुदान, हे ठरते.