आवाजाची घडण (लेखांक ६) : बोलण्यावर कानाचा पहारा

मागच्या आठवड्यात आपण स्वरयंत्र पाहिलं. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेनं स्वरतंतू थरथरतात, ते ताणले की आवाज चढतो. पण किती ताणायचे, हे मेंदू ठरवतो आणि त्याची खबर मेंदूला मिळते मुख्यतः कानाकडून.

हे नातं उघड केलं एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी. १९११मध्ये त्यांनी लिहून ठेवलं, की बोलणाऱ्याच्या कानात गोंगाट सोडला की त्याचा आवाज नकळत चढतो आणि गोंगाट थांबताच पुन्हा उतरतो. बहिरेपणाचं सोंग पकडायलाही ही युक्ती उपयोगी पडली. ज्याला खरोखर ऐकू येत नाही, त्याचा आवाज गोंगाटानं कशाला चढेल? लोकलच्या गर्दीत फोनवर ओरडणाऱ्या माणसावर आपण चिडतो, पण आपण ओरडतोय हे त्याला बहुधा ठाऊकही नसतं.

१९५०मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी माणसांना त्यांचंच बोलणं किंचित उशिरानं ऐकवलं. अस्खलित बोलणारेही अडखळू लागले, अक्षरं ओढू लागले. हा उशीर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा असला, तर सगळ्यात जास्त घोटाळा होतो. जीभ, ओठ, घसा सगळं धड असताना!

असं का होतं? शब्द उच्चारण्याआधीच तो कसा ऐकू येईल याचा अंदाज मेंदू बांधून ठेवतो. कानावर आलेला आवाज त्याच्याशी जुळला, की मेंदूचं श्रवणकेंद्र त्याची फारशी दखल घेत नाही. जुळला नाही, तर लगेच दुरुस्ती सुरू होते. जॉन हाउडी आणि मायकेल जॉर्डन यांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. लोक शब्द कुजबुजत आणि यंत्र त्यातला स्वर बदलून त्यांच्याच कानात सोडी. हळूहळू ते उलट्या दिशेनं उच्चार वळवू लागले. पुढे गोंगाटानं त्यांना स्वतःचं बोलणं ऐकू येईनासं केलं, तरी वळवलेला उच्चार बराचसा टिकला. म्हणजे मेंदूनं आपला हिशेबच नव्यानं मांडला होता. मोठेपणी बहिरेपण आलेल्यांचं बोलणं वर्षानुवर्षं समजण्याजोगं राहतं, ते याच साठवलेल्या हिशेबामुळे. आवाजाची पट्टी आणि लहानमोठेपणा मात्र लवकर सुटतात.

जन्मतःच ऐकू न येणाऱ्या बाळाकडे ही शिल्लक नसते. तेही रडतं, हुंकार देतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. पण ऐकणारं बाळ साधारण दहा महिन्यांच्या आत ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू करतं. ते याच्याकडून येत नाही, किंवा फार उशिरा येतं. मग ‘जीभ जड आहे’ म्हणत वेखंड उगाळून चाटवलं जातं, ‘याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून वाट पाहिली जाते आणि शिकण्याचा सगळ्यात मोलाचा काळ हातचा जातो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण तपासणी अगदी सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवतात, काही मिनिटांत काम होतं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असं वेळापत्रक तज्ज्ञ सांगतात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. उपाय श्रवणयंत्राचा असो, कॉक्लिअर इम्प्लांटचा असो की खुणांच्या भाषेचा, बाळाच्या मेंदूला भाषा लवकर मिळायला हवी.

इम्प्लांटनंतर मुलाचा आवाज कसा घडत जातो, ते पुढच्या लेखात.