अक्षरओळख (लेखांक ९) : मोदक, देवनागरीतला गुबगुबीत फॉन्ट
‘मोदक’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला, देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांचा शीर्षकी फॉन्ट. त्यातली देवनागरी सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. परवाना खुला असल्याने तो गूगल फॉन्ट्सवरून फुकट उतरवता येतो आणि धंद्याच्या कामालाही चालतो.

फुगीर अक्षरांची हौस जुनीच आहे. शिकागोच्या ऑझवल्ड कूपर यांचा ‘कूपर ब्लॅक’ १९२२ सालचा. १९६० नंतर तो पुन्हा उचलला गेला. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) या रेकॉर्डच्या वेष्टनावर तोच आहे. मराठीत ही हौस खिळ्यांपेक्षा कुंचल्याने भागवली. नाटकांच्या जाहिराती आणि मासिकांची शीर्षके हातानेच निघत. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचे नाव त्यात सर्वांत वरचे. ‘मोदक’मधला जुना, हातघडणीचा भास या परंपरेशी जवळीक सांगतो.

देवनागरी जाड करणे मात्र रोमनपेक्षा कठीण. शिरोरेघ, काना, गाठ, वर मात्रा, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. रेघ जरा वाढवली की आतली पांढरी जागा बुजते. ‘मोदक’ने ती जागा वाचवण्याचा नादच सोडला आणि तिची बारीक चीर केली. ‘ष’ किंवा ‘क्ष’ पाहिले तर काळा गोळाच आधी दिसतो. अक्षर ओळखू येते ते त्या चिरांमुळे. धाडस मोठे, आणि ते साधले आहे.

गुण तिथेच मर्यादाही. अक्षर लहान केले की चिरा शाईने भरतात. मिठाईचा खोका, बालनाट्याचे पोस्टर, मंडळाच्या फ्लेक्सवरची एक ओळ, इथे तो शोभतो. परिच्छेदाला किंवा शोकसंदेशाला अजिबात नाही. रेडियम कटिंगमध्ये आकार मोठाच हवा, नाहीतर चिरांमधला कागद सोलताना अक्षर फाटते. वेलांटी आणि मात्रा शिरोरेघेच्या बऱ्याच वर जात असल्याने दोन ओळींत अंतर सढळ ठेवावे.

भिलाईसारख्या शहरात, जिथे गणेशोत्सवाचा एकच फलक हिंदीत आणि मराठीतही करावा लागू शकतो, आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय ‘मोदक’मध्ये उमटत नाही. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीत तर युनिकोड मजकुराची ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते, जोडाक्षरेही सुटतात. अशा वेळी ओळ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवून तिची आकृती करून आणणे बरे. दुसरी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळे असते, त्यामुळे छपाईआधी नमुन्यात ही दोन अक्षरे आणि ‘ऱ्या’ तपासून घ्यावीत.